शस्त्रव्यापार आणि आफ्रिकेतील संघर्ष

आफ्रिका खंडाबाहेर तयार झालेली शस्त्रास्त्रे व दारूगोळा त्या खंडातील राज्ये, बंडखोर संघटना व खाजगी सैन्ये यांच्यापर्यंत विक्री, कर्ज, लष्करी मदत किंवा चोरटी वाहतूक या मार्गांनी पोहोचविण्याचा व्यवहार आणि त्याचे तेथील युद्धांवर झालेले परिणाम. जगातील एकूण शस्त्रव्यापाराच्या मानाने हा व्यवहार लहान आहे. स्टॉकहोम येथील आंतरराष्ट्रीय शांतता संशोधन संस्थेच्या (सिप्री) आकडेवारीनुसार २०१९–२३ या पाच वर्षांत जगात आयात झालेल्या प्रमुख शस्त्रास्त्रांपैकी केवळ ४.३ टक्के आफ्रिकेत गेली. परंतु या गणनेत विमाने, रणगाडे, तोफा, युद्धनौका यांसारखी मोठी शस्त्रेच धरली जातात. रायफली, हातबाँब व काडतुसे तीत येत नाहीत आणि आफ्रिकेतील बहुतेक यादवी युद्धे मुख्यतः याच हलक्या शस्त्रांनी लढली गेली आहेत.

या युद्धांची कारणे शस्त्रांत शोधणे युक्त नाही. जमीन, सत्ता, खनिज संपत्ती, वसाहतकाळात आखलेल्या सीमा व दुर्बल शासनसंस्था ही ती कारणे होत. तथापि युद्ध किती काळ चालेल आणि त्यात किती माणसे मरतील, हे बाहेरून येणाऱ्या पुरवठ्यावर पुष्कळ अंशी ठरत आले. रायफल नीट राखल्यास कित्येक दशके टिकते व एका युद्धातून दुसऱ्यात जाते. काडतुसे मात्र एका चकमकीत संपतात. त्यामुळे ज्याच्या हाती दारूगोळ्याची वाट, त्याच्या हाती युद्धाची गती असते.

वसाहतपूर्व व वसाहतकाल : पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर यूरोपीय बंदुका सतराव्या शतकापासून मोठ्या प्रमाणावर येऊ लागल्या. गुलामांच्या मोबदल्यात द्यावयाच्या मालांपैकी बंदूक हा एक प्रमुख माल होता. बर्मिंगहॅम येथे आफ्रिकेसाठी स्वस्त चकमकीच्या बंदुका बनविणारा स्वतंत्र धंदाच उभा राहिला. नायजेरियन इतिहासकार जोसेफ इनिकोरी यांच्या अंदाजानुसार १७५० ते १८०७ या काळात पश्चिम आफ्रिकेत दरवर्षी २,८३,००० ते ३,९४,००० बंदुका आयात होत. ज्या राज्याकडे बंदुका नसत, त्याची प्रजा बंदुका असणाऱ्या शेजाऱ्याच्या हाती गुलाम म्हणून सापडे. म्हणून स्वसंरक्षणासाठीही गुलाम विकून बंदुका घेणे भाग पडे. या दुष्टचक्राला किती महत्त्व द्यावे याविषयी इतिहासकारांत मतभेद असले, तरी त्याचे अस्तित्व सहसा नाकारले जात नाही.

ब्रूसेल्स परिषदेच्या १८९० च्या करारान्वये २०° उत्तर व २२° दक्षिण या अक्षवृत्तांमधील प्रदेशात सुधारित बंदुकांच्या आयातीस बंदी घालण्यात आली. करारात गुलामांच्या व्यापाराचे निर्मूलन हा हेतू सांगितला होता. परंतु वसाहती बळकावण्याच्या ऐन काळात आफ्रिकी राजांना नवी शस्त्रे मिळू नयेत, हा त्याचा परिणाम यूरोपीय सत्तांना सोयीचाच होता. जुन्या चकमकीच्या बंदुका व हलकी दारू यांना त्यातून सूट ठेवण्यात आली, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. याला अपवाद ठरला तो इथिओपिया. दुसरा मेनेलिक याने फ्रेंच व्यापारी, रशिया आणि प्रत्यक्ष इटली यांच्याकडून रायफली मिळविल्या (फ्रेंच कवी आर्त्यूर रँबो हाही काव्यलेखन सोडल्यानंतर त्याला बंदुका पुरविणाऱ्यांत होता) आणि १ मार्च १८९६ रोजी आडूवा येथे इटालियन सैन्याचा पराभव केला. दोनच वर्षांनी, २ सप्टेंबर १८९८ रोजी, सूदानमधील ऑम्डुर्मन येथे मॅक्सिम तोफांपुढे महदीपंथीयांचे दहा हजारांवर सैनिक पडले. इंग्रज-ईजिप्शियन सैन्याचे ५० हूनही कमी लोक मारले गेले. १९३५ मध्ये इटलीने इथिओपियावर पुन्हा स्वारी करण्यापूर्वी ब्रिटन व फ्रान्स यांनी दोन्ही पक्षांना शस्त्रे देण्याचे थांबविले होते. इटलीकडे स्वतःचे कारखाने असल्यामुळे त्याची झळ एकट्या इथिओपियाला लागली. राष्ट्रसंघाने त्या वर्षीच्या ऑक्टोबरात इथिओपियावरील बंदी उठविली, तोवर उशीर झाला होता. दिसण्यात निःपक्षपाती असलेली बंदी व्यवहारात एकपक्षी ठरते, असा अनुभव पुढेही अनेकदा आला.

शीतयुद्धकाल : स्वातंत्र्योत्तर काळात पुरवठा प्रायः शासनांकडून शासनांना, व बहुधा मदत म्हणून, होऊ लागला. नायजेरियातील यादवी युद्धात (६ जुलै १९६७–१५ जानेवारी १९७०) ब्रिटन व सोव्हिएट रशिया हे एरवीचे प्रतिस्पर्धी संघशासनाच्या बाजूस होते, तर फ्रान्सने बायफ्राला गाबाँ व आयव्हरी कोस्ट यांच्यामार्फत गुप्तपणे शस्त्रे पुरविली. ती पराभव टाळण्यास अपुरी होती, पण युद्ध लांबविण्यास पुरेशी ठरली. आणि वेढलेल्या बायफ्रात बहुसंख्य बळी गोळ्यांनी नव्हे, तर उपासमारीने गेले.

शस्त्रपुरवठ्यामागील तत्त्वशून्यता ओगाडेनच्या युद्धात (१९७७–७८) जितकी उघडी पडली, तितकी क्वचितच अन्यत्र पडली असेल. १९५३ च्या करारापासून इथिओपियाचे सैन्य अमेरिकी शस्त्रांवर, तर सोमालियाचे सैन्य १९६० नंतरच्या दशकापासून रशियन शस्त्रांवर उभे होते. मेंगिस्टूच्या राजवटीने एप्रिल १९७७ मध्ये अमेरिकेची केंद्रे बंद केली. जुलैमध्ये सोमालियाने ओगाडेनवर आक्रमण केले, तेव्हा रशियाने जुन्या मित्राला सोडून इथिओपियाचा पक्ष घेतला. नोव्हेंबरात सियाद बारे याने रशियाशी असलेला मैत्रीचा तह मोडला आणि त्याच सुमारास रशियन विमानांतून इथिओपियात रणगाडे व तोफा उतरू लागल्या. हजारो क्यूबन सैनिकही आले. मार्च १९७८ मध्ये सोमाली सैन्य माघारी फिरले. पुढे अमेरिकेने सोमालियाशी संधान बांधून १९८० मध्ये बर्बेरा बंदराच्या वापराचे हक्क मिळविले. अशा रीतीने दोन महासत्तांनी परस्परांच्या आश्रितांची अदलाबदल केली. रायफली मात्र जेथल्या तेथे राहिल्या. १९९१ मध्ये जानेवारीत बारेची व मेमध्ये मेंगिस्टूची सत्ता कोसळली, तेव्हा दोन्ही सैन्यांची कोठारे लुटली गेली आणि मोगादिशूच्या बाकारा बाजारात ती शस्त्रे उघडपणे विकली जाऊ लागली. सुरक्षा परिषदेने जानेवारी १९९२ मध्ये सोमालियावर घातलेली शस्त्रबंदी डिसेंबर २०२३ मध्ये पूर्णतः उठली.

दक्षिण आफ्रिकेवरील बंदीचा इतिहास वेगळा आहे. १९६३ ची ऐच्छिक बंदी निष्फळ ठरल्यावर ४ नोव्हेंबर १९७७ रोजी सुरक्षा परिषदेने ती अनिवार्य केली. संयुक्त राष्ट्रांच्या सदस्य राष्ट्रावर घातलेली ही पहिलीच अनिवार्य शस्त्रबंदी होय. वर्णद्वेषी राजवटीने तिला उत्तर म्हणून आर्मस्कोर या सरकारी संस्थेमार्फत स्वतःचा शस्त्रोद्योग वाढविला व काही तंत्रज्ञान बंदी मोडून मिळविले. १९९४ मध्ये ही बंदी संपली.

कागदपत्रांचा व्यापार : शीतयुद्ध संपल्यावर मदतीची जागा दलालांनी घेतली. युक्रेन, बल्गेरिया इ. देशांत शस्त्रांचे प्रचंड साठे निरुपयोगी पडून होते. मालवाहू विमाने व त्यांचे चालकही काम शोधीत होते. अँगोला, सिएरा लिओन व लायबीरिया येथील लढवय्यांकडे हिरे, इमारती लाकूड व खनिज तेल होते. मागणी आणि पुरवठा यांच्यामध्ये सुरक्षा परिषदेच्या बंदीचा अडथळा तेवढा होता, आणि तो ओलांडण्यास एक कागद पुरे होत असे.

हा कागद म्हणजे अंतिम वापरकर्त्याचे प्रमाणपत्र. शस्त्रे विकणारे राज्य निर्यात-परवाना देताना खरेदीदार राज्याकडून असे लेखी आश्वासन घेते, की माल त्याच्याच सैन्यासाठी असून तो तिसऱ्याला दिला जाणार नाही. बंदी असलेला देश अर्थातच हे प्रमाणपत्र देऊ शकत नाही. पण शेजारचा देश देऊ शकतो. त्यावरील सही खरी आहे की खोटी व माल खरोखर कोठे उतरला, हे पाहण्याची तसदी निर्यातदार राज्ये क्वचितच घेत.

रूआंडातील वंशसंहार एप्रिल १९९४ मध्ये सुरू झाला. त्यात कोयते व गदा यांचा मोठा वाटा होता हे खरे. परंतु सैन्याच्या व सशस्त्र टोळ्यांच्या बंदुकांचा धाक पाठीशी असल्यामुळेच चर्च व शाळा यांत आसरा घेतलेल्या जमावांची कत्तल करणे शक्य झाले. सुरक्षा परिषदेने १७ मे रोजी शस्त्रबंदी घातली. त्यानंतर महिन्याभरात, जूनमध्ये, सेशेल्स बेटांवरून शस्त्रांनी भरलेल्या विमानाच्या दोन फेऱ्या झाईरेतील गोमा येथे झाल्या. खरेदी करणाऱ्यांत रूआंडाच्या संरक्षण मंत्रालयातील कर्नल तेओनेस्त बागोसोरा होता; प्रमाणपत्र झाईरेचे होते. गोमा रूआंडाच्या सीमेलगतच आहे. विशेष असे, की ही शस्त्रे सेशेल्स सरकारने १९९३ मध्ये एका जहाजावरून जप्त केली होती व ते जहाज बंदी असलेल्या सोमालियाकडे चालले होते. एक बंदी मोडताना पकडलेला माल दुसरी बंदी मोडण्यास उपयोगी पडला. संयुक्त राष्ट्रांनी १९९५ मध्ये नेमलेल्या चौकशी आयोगाने हा व्यवहार उजेडात आणला. बागोसोराला आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २००८ मध्ये वंशसंहाराबद्दल दोषी ठरविले.

सिएरा लिओनच्या युद्धातील (१९९१–२००२) पुरवठ्याची रीतही हीच होती. १३ मार्च १९९९ रोजी युक्रेनहून ६८ टन शस्त्रे बूर्कीना फासोच्या प्रमाणपत्रावर वागाडूगूला आली. थोड्याच दिवसांत ती लहान विमानाने लायबीरियात नेण्यात आली. लायबीरियाचा अध्यक्ष चार्ल्स टेलर सिएरा लिओनमधील बंडखोर आघाडीचा पाठीराखा होता व आघाडी त्याला हिरे पुरवीत असे. मे २००० मध्ये याच आघाडीने संयुक्त राष्ट्रांच्या शेकडो शांतिसैनिकांना ओलीस धरले. कैलाहून येथे वेढल्या गेलेल्या दोनशेहून अधिक भारतीय सैनिकांची सुटका जुलैतील ‘ऑपरेशन खुकरी’ या मोहिमेने झाली.

वागाडूगूहून माल हलविणारे विमान लेओनिड मिनिन या दलालाचे होते. ऑगस्ट २००० मध्ये त्याला इटलीत मिलानजवळ अटक झाली, तेव्हा त्याच्याजवळ हिरे व शस्त्रव्यवहारांची कागदपत्रे मिळाली. तरीही शस्त्रे इटलीच्या भूमीवरून गेली नसल्यामुळे आपणास अधिकारक्षेत्र नाही, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये दिला. त्याच वर्षी नायजेरियाच्या बनावट प्रमाणपत्रावर सर्बियातून दोनशे टनांवर शस्त्रे लायबीरियात पोहोचली. व्हिक्टर बूट या अधिक प्रसिद्ध दलालाला २०१२ मध्ये न्यूयॉर्क येथे २५ वर्षांची शिक्षा झाली, ती कोलंबियातील बंडखोरांना शस्त्रे विकण्याच्या कटाबद्दल. आफ्रिकेतील पुरवठ्याबद्दल नव्हे. डिसेंबर २०२२ मध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत तो सुटला. टेलरला मात्र विशेष न्यायालयाने २०१२ मध्ये ५० वर्षांची शिक्षा दिली.

अँगोलात उनिता संघटनेवर १९९३ पासून बंदी होती. रॉबर्ट फाउलर यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा मार्च २००० मधील अहवाल असाधारण ठरला, कारण त्यात टोगो व बूर्कीना फासो यांच्या विद्यमान राष्ट्राध्यक्षांवर बंदी मोडण्यास साहाय्य केल्याचा स्पष्ट आरोप होता. तोपर्यंत असे अहवाल राज्यप्रमुखांची नावे टाळीत. फेब्रुवारी २००२ मध्ये उनिताचा नेता झोनास साव्हिंबी मारला गेला आणि एप्रिलमध्ये युद्ध थांबले.

नियंत्रणाचे प्रयत्न : आफ्रिकी राज्यांनी स्वतः केलेले प्रयत्नही दुर्लक्षणीय नाहीत. तुआरेग बंड शमल्यावर मालीत २७ मार्च १९९६ रोजी तिंबक्तू येथे सु. ३,००० शस्त्रांची जाहीर होळी करण्यात आली. मालीच्याच पुढाकाराने पश्चिम आफ्रिकी राष्ट्रांनी ऑक्टोबर १९९८ मध्ये हलक्या शस्त्रांच्या आयातीस स्थगिती दिली. २००६ मध्ये तिला बंधनकारक कराराचे रूप आले व तो २००९ मध्ये अंमलात आला. २०११ मध्ये लिबियातील गडाफीची राजवट कोसळली. तिच्या सैन्यातील तुआरेग सैनिक शस्त्रांसह मालीत परतले आणि एप्रिल २०१२ मध्ये तिंबक्तू बंडखोरांच्या ताब्यात गेले.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २ एप्रिल २०१३ रोजी शस्त्रव्यापार तह १५४ विरुद्ध ३ मतांनी संमत केला; २३ राष्ट्रे तटस्थ राहिली. तो २४ डिसेंबर २०१४ पासून अंमलात आला. तटस्थ राष्ट्रांत रशिया, चीन व भारत होते. तहाचे पारडे निर्यातदार राष्ट्रांकडे झुकते असून दहशतवादी व राज्येतर गटांविषयी तो दुबळा आहे, असा भारताचा आक्षेप होता. चीन २०२० मध्ये तहात सामील झाला. अमेरिकेने २०१३ मध्ये सही केली, पण २०१९ मध्ये आपण त्यात सहभागी होणार नसल्याचे कळविले. सुरक्षा परिषदेची बंदी मोडणाऱ्या हस्तांतरणास तहाच्या सहाव्या कलमात मनाई आहे. आठव्या कलमानुसार आयातदार राज्याने निर्यातदाराला मागितल्यास योग्य माहिती पुरवावयाची असून तीत अंतिम वापराच्या कागदपत्रांचा समावेश होऊ शकतो. माल उतरल्यानंतर तो कोठे गेला हे जागेवर जाऊन पाहणारी आंतरराष्ट्रीय यंत्रणा तहात नाही. ते काम राज्यांवरच सोपविलेले आहे.