खिडकीच्या झडपा

शयनगृहात येणारे ऊन आणि उजेड अडवण्यासाठी खिडकीला बसवलेली, उघडमिट करता येणारी फळी किंवा तिरक्या पट्ट्यांची चौकट. ओमानच्या उत्तर बातिना किनाऱ्यावरील खाबुरात तिचे मोल लगेच कळते. जूनमध्ये सूर्य साडेपाचच्या आत उगवतो, दुपारी पारा चाळिशी ओलांडतो. जून ते ऑगस्ट दुपारी १२.३० ते ३.३० उघड्यावरच्या कामाला कायद्यानेच विश्रांती असते. तेव्हा अंधार नुसता रात्रीपुरता पुरत नाही.

या किनाऱ्यावरची जुनी उन्हाळी घरे खजुराच्या झावळ्यांची. त्यांना झडपांची गरजच नव्हती: झावळ्यांच्या फटींतून वारा खेळे, अर्थात उजेडही. लाकडी झडपा आल्या त्या पक्क्या घरांत. ओमानात इमारती लाकूड तुटपुंजे. सागवान भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरून गलबतांनी जाई.

झडप काचेच्या बाहेर हवी. आतला पडदा कितीही जाड असला तरी ऊन काच ओलांडून आलेले असते, उष्णता खोलीतच राहते.

पट्ट्यांची झडप वाऱ्यासाठी उत्तम, काळोखासाठी बेताची. अंगणातल्या वाळूवरून उसळलेला उजेड पट्ट्यांमधून थेट छतावर पडतो. तिथे सलग फळीच लागते, आणि खालच्या फटीत कापडाची घडी.