कर्करोग लशी : प्रतिरक्षा-प्रतिसादाचे मापन

कर्करोगावरील लस दिल्यानंतर शरीराच्या प्रतिरक्षा यंत्रणेने तिची दखल घेतली का, घेतली असल्यास किती आणि कोणत्या प्रकारे, हे मुख्यतः रक्ताच्या नमुन्यावरून ठरविण्याच्या प्रयोगशालेय पद्धती. लशी दोन प्रकारच्या आहेत. विषाणूंमुळे होणारे कर्करोग टाळण्यासाठी निरोगी व्यक्तीला द्यावयाच्या त्या प्रतिबंधक. झालेल्या रोगावर रुग्णाला द्यावयाच्या त्या उपचारात्मक. पहिल्या प्रकारात प्रतिपिंडे मोजतात, दुसऱ्यात प्रामुख्याने टी-पेशी. महाराष्ट्रातून आलेली मोठ्या प्रमाणावरील आकडेवारी पहिल्या प्रकाराची, म्हणजे मानवी पॅपिलोमा विषाणूविरोधी (एचपीव्ही) लशीची आहे.

नवी मुंबई व पूर्वपीठिका : नवी मुंबईतील खारघर येथे टाटा स्मारक केंद्राची ‘अ‍ॅक्ट्रेक’ ही संशोधन व उपचार संस्था आहे. परळ येथे १९५२ मध्ये वि. रा. खानोलकर यांच्या पुढाकाराने सुरू झालेले भारतीय कर्करोग संशोधन केंद्र (पुढे कर्करोग संशोधन संस्था) २००२ मध्ये येथे हलले. या संस्थेचा लसमापनाशी पहिला संबंध कर्करोगामुळे नव्हे, कुष्ठरोगामुळे आला. सी. व्ही. बापट, कमल रणदिवे व खानोलकर यांनी १९५८ मध्ये कुष्ठरुग्णाच्या ऊतीतून वाढविलेल्या जीवाणूला संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘आयसीआरसी’ हे नाव मिळाले. म. गो. देव यांच्या गटाने १९७९ मध्ये त्यापासून लस केली. तिचा परिणाम पाहण्यासाठी लेप्रोमिन त्वचाचाचणी वापरली गेली. तीत लेप्रोमिन (मारलेल्या कुष्ठजंतूंचे द्रव्य) टोचल्यावर तीन ते चार आठवड्यांनी उमटणाऱ्या गाठीचा व्यास मोजतात. लशीपूर्वी नकारात्मक असलेली चाचणी लशीनंतर सकारात्मक झाली, तर पेशीय प्रतिकार जागा झाला असे धरतात. दक्षिण भारतातील तुलनात्मक चाचणीत, १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, या लशीने ६५.५ टक्के संरक्षण दिले. तरीही तिचा व्यापक वापर झाला नाही. त्याच संस्थेत सुधा गांगल आणि पुढे शुभदा चिपळूणकर यांनी कर्करोगातील टी-पेशींवर काम केले. चिपळूणकर यांचे गॅमा-डेल्टा टी-पेशींवरील संशोधन विशेष परिचित आहे.

प्रतिपिंडे : सर्वांत रुळलेली पद्धत एलायझा (१९७१). प्लास्टिकच्या ९६ खळग्यांच्या पट्टीवर प्रतिजन चिकटवून त्यावर सीरम घालतात. जोडल्या गेलेल्या प्रतिपिंडांचे प्रमाण विकराने निर्माण केलेल्या रंगाच्या गडदपणावरून कळते. एकाच थेंबात अनेक विषाणूप्रकारांविरुद्धची प्रतिपिंडे मोजायची असल्यास रंगाने ओळखता येणारे सूक्ष्म मणी वापरतात. प्रत्येक रंगाच्या मण्यावर वेगळे प्रतिजन असते. मात्र प्रतिपिंड प्रतिजनाला चिकटले म्हणजे त्याने विषाणू रोखला, असे होत नाही. त्यासाठी निष्प्रभीकरण चाचणी करतात. विषाणूचे कवच असलेले, पण आत केवळ खुणेचे जनुक भरलेले छद्मविषाणू पेशींवर सोडतात आणि सीरममुळे किती पेशी वाचल्या ते पाहतात. ही पद्धत अधिक विश्वसनीय, पण वेळखाऊ असल्याने हजारो नमुन्यांसाठी गैरसोयीची. प्रतिपिंडांची पकड किती घट्ट आहे, हे यूरियासारखे बंध सैल करणारे द्रव्य घालून तपासतात.

गार्डासिल या एचपीव्ही लशीच्या उत्पादक कंपनीने स्वतःची स्पर्धात्मक चाचणी व स्वतःचे एकक वापरले. त्यामुळे तिचे आकडे इतरांच्या आकड्यांशी थेट ताडता येत नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेने एचपीव्हीच्या प्रकार १६ व १८ यांसाठी प्रमाणित संदर्भ सीरम उपलब्ध केल्यावर आंतरराष्ट्रीय एककात निष्कर्ष देणे शक्य झाले. जुने निबंध वाचताना एकक पाहिल्याशिवाय आकड्यांची तुलना करू नये.

एकमात्रा अभ्यास : प्रतिसादमापनाच्या दृष्टीने भारतातील सर्वांत महत्त्वाचे काम. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या रेंगास्वामी शंकरनारायणन यांच्या नेतृत्वाखाली सप्टेंबर २००९ मध्ये नऊ ठिकाणी गार्डासिलच्या दोन व तीन मात्रांची तुलना सुरू झाली. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, पुण्याचे जहांगीर केंद्र आणि मुंबईचे टाटा स्मारक ही त्यांतील महाराष्ट्रातील केंद्रे होती. १० ते १८ वर्षांच्या २०,००० अविवाहित मुलींचे उद्दिष्ट होते. एप्रिल २०१० मध्ये दुसऱ्या एका लसप्रकल्पाच्या वादानंतर शासनाने देशातील सर्व एचपीव्ही लसचाचण्या थांबविल्या; तोवर १७,७२९ मुलींना लस मिळाली होती. त्यांपैकी ४,९५० जणींना एकच मात्रा मिळाली, ४,९७९ जणींना सहा महिन्यांच्या अंतराने दोन, ३,४५२ जणींना दोन महिन्यांच्या अंतराने दोन, आणि ४,३४८ जणींना तिन्ही. आखलेल्या तुलनेऐवजी, कोणीही न ठरविलेला एकमात्रेचा गट हाती आला.

या मुलींची प्रतिपिंडे हायडेलबर्गच्या जर्मन कर्करोग संशोधन केंद्रात विकसित झालेल्या मणी-पद्धतीने मोजली गेली. एकमात्रेच्या गटात त्यांची पातळी इतर गटांपेक्षा स्पष्टपणे कमी होती. ती घसरत जाईल असा अंदाज होता; प्रत्यक्षात ती खालच्या पातळीवर स्थिर राहिली. पुढे दहा वर्षांच्या पाठपुराव्यात (प्रसिद्धी २०२१) प्रकार १६ व १८ यांच्या चिवट संसर्गाविरुद्ध संरक्षण एका मात्रेने ९५.४, दोनांनी ९३.१ व तीनांनी ९३.३ टक्के आढळले. गट यादृच्छिक न राहिल्याने या तुलनेला मर्यादा आहेत, हा आक्षेप रास्त आहे. तरी पातळी कमी व संरक्षण तेवढेच, ही बाब इतरत्रच्या अभ्यासांतही दिसली. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने एप्रिल २०२२ मध्ये एकमात्रेचा पर्याय मान्य केला.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्व्हाव्हॅक लशीला २०२२ मध्ये मंजुरी मिळाली ती मात्र प्रतिपिंडांच्या आकड्यांवरच. कर्करोग होण्यास लागणारी वर्षे मोजत न बसता, तिच्या प्रतिपिंडांचे भूमितीय मध्य गार्डासिलच्या तुलनेत कमी नाहीत एवढे दाखविणे पुरेसे मानले गेले.

टी-पेशी : रक्तातील एककेंद्रकी पेशी घनतेच्या द्रावणावर वेगळ्या करून द्रव नायट्रोजनमध्ये साठवतात. रक्त काढल्यापासून हे काम शक्यतो आठ तासांत उरकावे. नमुना उशिरा पोहोचला किंवा पेशी वितळविताना मेल्या, की पुढील मापन कितीही काटेकोर असले तरी निष्फळ ठरते. बहुकेंद्री चाचण्यांतील बरेच अपयश याच टप्प्यावरचे असते.

एलिस्पॉट पद्धतीत (१९८३) प्रत्येक खळग्यात सुमारे दोन लाख पेशी लशीतील प्रथिनाच्या तुकड्यांसह रात्रभर ठेवतात. जी पेशी इंटरफेरॉन-गॅमा स्रवते तिच्याखाली एक ठिपका उमटतो. ठिपके मोजून दर दहा लाख पेशींमागे प्रमाण सांगतात. एकच नमुना अनेक प्रयोगशाळांना पाठवून केलेल्या आंतरराष्ट्रीय पडताळणीत सुरुवातीला जवळपास निम्म्यांना दुर्बळ प्रतिसाद ओळखता आला नव्हता. समान सूचना पाळल्यावर हे प्रमाण बरेच सुधारले. प्रवाह-पेशीमापनात स्रवणारी पेशी कोणत्या जातीची आहे, हेही कळते. टेट्रामर (१९९६) विशिष्ट टी-पेशींना थेट चिकटतो, पण तो व्यक्तीच्या एचएलए (ऊतिजुळणीच्या) प्रकाराशी जुळावा लागतो. सर्वाधिक वापरातले टेट्रामर ए*०२:०१ या प्रकारासाठी आहेत आणि भारतीयांत ए*०२:११ सारखे उपप्रकार बरेच आढळतात. आयात संच येथे जसाच्या तसा वापरणे म्हणून धोक्याचे.

पेशीमारकता : गाठीच्या पेशींत क्रोमियम-५१ भरून, मारेकरी पेशींनी त्या फोडल्यावर बाहेर पडणारा किरणोत्सार चार तासांनी मोजतात (१९६८ पासून). क्रोमियम-५१चे अर्धायुष्य सुमारे २८ दिवस असल्याने साठा लवकर निरुपयोगी होतो. आता प्रकाशमान रंजके अधिक वापरतात.

व्यक्तिविशिष्ट एमआरएनए लशी : प्रत्येक रुग्णाच्या गाठीतील बदलांनुसार प्रथिनतुकडे वेगळे तयार करून एलिस्पॉट करतात.

अर्थनिर्णय : प्रतिसाद मिळाला म्हणजे गाठीवर दिसण्याजोगा परिणाम झालाच असे नाही. प्रोस्टेट कर्करोगावरील सिप्युल्यूसेल-टी (अमेरिकेत मान्यता २०१०) या उपचाराने मध्यक आयुष्य सुमारे चार महिन्यांनी वाढले, पण गाठी फारशा आकसल्या नाहीत. एचपीव्हीबाबत संरक्षणासाठी किमान किती प्रतिपिंडे हवीत, याचा सर्वमान्य आकडा ठरलेला नाही. त्यामुळे लस घेतलेल्या मुलीने खासगी प्रयोगशाळेत प्रतिपिंडे तपासून घेण्याची शिफारस केली जात नाही. पुढे वयानुसार गर्भाशयमुखाची नियमित तपासणी मात्र करावीच लागते.