माफीच्या साक्षीदाराची वंशावळ

१९६९ साली फ्रान्समध्ये ‘द सिसिलियन क्लॅन’ नावाचा चित्रपट आला. जाँ गाबँने रंगवलेला म्हातारा मानालेझे हा घराचा कर्ता आणि टोळीचाही म्होरक्या. मुलगे, जावई, सुना एकाच छताखाली आणि धंदाही सगळ्यांचा एकच. तुरुंगाच्या वाटेवरून सोडवून आणलेल्या आलाँ देलाँच्या सार्तेला ते या घरात आसरा देतात, त्याच्यासोबत विमानातले हिरे लुटतात. पुढे नातवाच्या तोंडून एक वाक्य निसटतं आणि घर कोसळतं. फ्रेंच दरोडापटांत तिजोरी फुटते ती मध्यंतराच्या आसपास. खरी गोष्ट असते घर फुटण्याची.

घर फोडलं की गुन्हा उकलतो, हे आपल्याकडे मात्र सरकारी दफ्तरात कामाची रीत म्हणून आधीच रुजलं होतं. त्या रीतीचं नाव माफीचा साक्षीदार. तिची कुळकथा बिदर-कलबुर्गीच्या वाटांवरून जबलपूरला जाते आणि सोलापूरला परत येते.

हैदराबादहून सोलापूरला निघालं की जहिराबाद मागे पडल्यावर बिदर जिल्हा लागतो. हुमनाबाद, बसवकल्याणचा फाटा, मग उमरगा आणि नळदुर्ग. दक्षिणेला कलबुर्गी आणि त्याही खाली सुरपूर. दोनशे वर्षांपूर्वी हा सगळा निजामाचा मुलूख होता. कापडाचे व्यापारी, पगार कनवटीला बांधून गावाकडे निघालेले शिपाई, यात्रेकरू सगळे सोबत शोधत चालायचे, आणि सोबत देणाऱ्यांत ठगही असायचे. फिलिप मेडोज टेलर हा लिव्हरपूलचा पोरगा १८२४ मध्ये मुंबईत उतरला आणि थोड्याच दिवसांत निजामाच्या चाकरीत लागला. ऐन विशीत त्याच्याकडे या मुलखातल्या एका पट्ट्याची पोलिसी आली. वाटेवर सापडलेल्या प्रेतांचा माग तो काढू लागला होता, तेवढ्यात त्याला पलटणीत परत बोलावलं गेलं. पुढे १८४१ पासून बारा वर्षं त्याने सुरपूर संस्थानाचा कारभार पाहिला आणि नंतर तो नळदुर्गला आला. तोवर त्याचं नाव लंडनमध्ये झालं होतं, ते १८३९ च्या ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या कादंबरीमुळे.

कादंबरीच्या प्रस्तावनेत टेलरने हिंगोलीच्या हरिसिंगाची हकिकत दिली आहे. हरिसिंग छावणीच्या बाजारातला अब्रूदार व्यापारी. एकदा त्याने मुंबईहून कापड आणण्याचा परवाना मागितला आणि तो मिळाला. दुसराच एक व्यापारी तसलाच माल घेऊन मुंबईहून निघाला आहे, हे त्याला आधीच ठाऊक होतं. त्याने वाटेत त्या व्यापाऱ्याला, त्याच्या नोकरांना आणि बैल हाकणाऱ्यांना संपवलं, माल सरकारी परवान्यावर हिंगोलीत आणला आणि छावणीतच उघड विकला. कुठल्याही पटकथाकाराला हेवा वाटावा असा हा बेत होता. हरिसिंग ठगांचा म्होरक्या होता, हे बाजाराला फार उशिरा कळलं.

असल्या कामाला टोळीत कामांची वाटणी लागते. टेलरच्या पुस्तकात ती नावांसकट येते. गोड बोलून वाटसरूला जाळ्यात आणणारा सोथा, रुमालाने गळा आवळणारा भुत्तोट, खड्डा खणून प्रेतं पुरणारा लुघाई. मुलगा बापाबरोबर फिरता फिरता एकेक पायरी चढे. काही घराण्यांत हे पिढ्यान्‌पिढ्या चाललं. दुष्काळात किंवा फौज मोडल्यावर पोटासाठी टोळीला लागलेलेही पुष्कळ होते. घराणी किती आणि हंगामी माणसं किती, यावर इतिहासकार अजून भांडतात.

पोलिसांपुढचा पेच मात्र साधा होता. लुटलेला माणूस जिवंत उरत नसे. तो घरापासून शेकडो मैलांवर मेलेला असे, त्यामुळे फिर्याद करायला कुणी नसे. खून एका राज्यात, माल दुसऱ्या राज्यात, टोळीचं गाव तिसऱ्याच राज्यात. गुन्हा पाहिलेला माणूस एकच, तो म्हणजे गुन्हेगार. तेव्हा साक्ष द्यायची तर त्यानेच.

ही युक्ती नवी नव्हती. इंग्लंडच्या न्यायालयांत साथीदाराला फोडून साक्षीला उभं करण्याची वहिवाट जुनी होती. पॅरिसमध्ये व्हिदोक हा तुरुंग भोगलेला माणूस त्याच काळात सुरते या गुन्हेशोधक पथकाचा प्रमुख झाला होता आणि सुटलेल्या कैद्यांनाच हाताशी धरून चोर पकडत होता. जबलपूरचा इंग्रज अधिकारी विल्यम स्लीमन याने याच युक्तीचं खातं उभारलं. त्याचा मोठा मासा म्हणजे फिरंगिया, जातीने ब्राह्मण, घराण्याने ठगांचा जमादार. तो निसटला तेव्हा स्लीमनच्या माणसांनी त्याची आई, बायको आणि तान्हं मूल ताब्यात घेतलं. घरच्यांना सोडून हा लांब जाणार नाही, हा हिशेब बरोबर निघाला. १८३० च्या अखेरीस फिरंगिया सापडला आणि जीव वाचवण्यासाठी बोलू लागला. त्याने दाखवलेल्या जागा खणल्या तर सांगाडे निघाले.

इथे नातं दोनदा वापरलं गेलं. आधी माणूस पकडायला, मग त्याच्या तोंडून भाऊबंद पकडायला. माफी म्हणजे सुटका नव्हे. फाशी टळायची, तुरुंग राहायचा, आणि जीव शाबूत ठेवायचा तर नावं देत राहावं लागायचं. एकाने दुसऱ्याचं नाव घ्यायचं, दुसऱ्याने तिसऱ्याचं, मग जबाब ताडून पाहायचे. या जबाबांतून स्लीमनने ठग घराण्यांच्या वंशावळी मांडल्या आणि १८३६ मध्ये ठगांच्या बोलीच्या कोशासोबत छापल्या. भाटांनी आणि तीर्थोपाध्यायांनी जपलेल्या वंशावळी आपल्याला परिचयाच्या आहेत; त्या हक्क, वतन आणि पिंडदान यांसाठी असतात. ही वंशावळ अटकेसाठी होती.

त्याच १८३६ साली तिसावा कायदा आला. ठगांच्या टोळीत कधीही, कुठेही सामील होता एवढं सिद्ध झालं की जन्मठेप आणि सक्तमजुरी. अमुक खून केला हे दाखवण्याची गरज उरली नाही. कृत्याची जागा सोबतीने घेतली. माफी मिळालेल्यांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी जबलपुरात उद्योगशाळा निघाली. तिथे तंबू आणि गालिचे विणले जात.

टेलरची कादंबरी याच जबाबांच्या घाटात लिहिलेली आहे. तुरुंगातला अमीर अली साहेबापुढे आपली कहाणी सांगतो. त्याच्या आईबापांना ठगांनी मारलेलं असतं आणि मारणाऱ्यांपैकीच इस्माईल त्याला मुलासारखं वाढवतो. ज्याने अनाथ केलं त्याच्यावरच पोराची निष्ठा बसते. पुढे तो न ओळखता स्वतःच्या बहिणीचा जीव घेतो. टेलरला गुन्ह्याचा वारसा रक्तात दिसला नाही, तो त्याला संगोपनात दिसला. दफ्तराला इतका बारीक भेद परवडणारा नव्हता. फिरंगिया तर थेट पॅरिसला पोचला. १८४४-४५ मध्ये युजेन स्यूने वर्तमानपत्रातून क्रमशः लिहिलेल्या ‘भटका ज्यू’ या कादंबरीत फारिंगिया नावाचा, गळा आवळणारा ठग आहे. फ्रेंच वाचकांना घराण्याच्या गुन्हेगारीची गोडी लागली, त्यात आपल्याकडचा हा ऐवज होता.

१८६९ ते १८७२ या काळात जेम्स फिट्झजेम्स स्टीफन हा व्हाइसरॉयच्या मंडळात कायदा सदस्य होता. त्याने रचलेल्या १८७२ च्या पुरावा कायद्यात साथीदाराची साक्ष ग्राह्य धरली होती, पण सावधगिरीही सुचवली होती की महत्त्वाच्या बाबींत दुजोरा मिळाल्याखेरीज असल्या माणसाचा शब्द भरवशाचा मानू नये. त्याच्याच कारकिर्दीत १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा झाला. त्या कायद्याच्या समर्थनार्थ मांडलेला युक्तिवाद असा, की या देशात जसा सुताराचा मुलगा सुतार, तसा चोराचा मुलगा चोर. सरकारने एकदा जमात गुन्हेगार म्हणून जाहीर केली की तो जाहीरनामा खरा की खोटा, हे विचारायची कुठल्याही न्यायालयाला मुभा नव्हती. एका माणसाने दिलेल्या साक्षीला दुजोरा लागे. अख्ख्या जमातीवरचा आरोप दुजोऱ्याशिवाय चाले.

मग रजिस्टर, हजेरी आणि गाव सोडायचं तर पास असं सगळं आलं. १९११ च्या सुधारित कायद्याने बोटांचे ठसे आले आणि सहा वर्षांवरच्या मुलांना आईबापांपासून वेगळं काढून उद्योगशाळेत ठेवण्याची तरतूदही आली. निजामाच्या गुलबर्ग्यापासून (आजच्या कलबुर्गीपासून) अक्कलकोट संस्थानापलीकडे असलेल्या इंग्रजी सोलापुरात या जमातींसाठी तारेच्या कुंपणाची मोठी वसाहत उभी राहिली. तिथली माणसं गिरण्यांत राबत आणि हजेरीला परत येत. त्या भागाचं ‘सेटलमेंट’ हे नाव सोलापूरकरांच्या तोंडी अजून आहे. बिदरला लागून असलेल्या लातूरकडच्या धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांनी अशा जमातीचं जिणं ‘उचल्या’ या आत्मकथनात मांडलं, आणि त्याला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. चोर म्हणून नोंदल्या गेलेल्या घरातल्या माणसाने स्वतःच्या हाताने आपली वंशावळ लिहिली.

गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभर रद्द झाला. त्या कायद्यातून सुटलेला विमुक्त समाज तो दिवस पाळतो. चार वर्षांनी भाषावार रचनेत जुन्या बिदर जिल्ह्यातले उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मुंबई राज्यात, म्हणजे पुढच्या महाराष्ट्रात गेले. भालकी, औराद, बसवकल्याण म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेले. सराईत गुन्हेगारांचे कायदे मात्र दोन्हीकडे आले. मुंबई राज्याचा १९५९ चा आणि कर्नाटकाचा १९६१ चा. त्यांत जमातीचं नाव नाही, व्यक्तीच्या शिक्षेचा हिशेब आहे. ठाण्यातल्या बोलीत ‘रेकॉर्डवरचा’ हा शब्द मात्र माणसापुरता थांबत नाही, वस्तीला चिकटतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतल्या जातिभेदाविरुद्ध निकाल देताना विमुक्त जमातींना जन्मजात सराईत समजणाऱ्या तरतुदींवरही बोट ठेवलं.

माफीचा साक्षीदार अजून आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम ३४३ खाली माफी देता येते आणि न्यायाधीश त्याच्या शब्दाला आजही दुजोरा मागतो. हा सावधपणा रास्तच आहे. जिवाच्या भीतीने नातेवाइकांची नावं घेणारा माणूस खरंच बोलत असेल असं नाही, हे कायद्याला १८७२ मध्येच कळलं होतं. त्याच माणसांच्या तोंडून उतरवलेल्या वंशावळींपासून गुन्हा वारशाने येतो अशी जी समजूत निघाली, तिला दुजोरा मागायला आणखी ऐंशी वर्षं गेली. तोवर त्या कागदांवरच्या नावांना पणतवंडं झाली होती.