चित्रावरून माल ओळखणारे गिऱ्हाईक

बंगळूर शहरात कब्बन पार्कच्या कडेला लाल रंगाची एक लांबलचक इमारत आहे. १८६८ साली ती पुरी झाली आणि म्हैसूरच्या कारभाराची अठरा खाती तीत बसली. म्हणून लोक तिला ‘अठारा कचेरी’ म्हणू लागले. आज तेथे कर्नाटकाचे उच्च न्यायालय भरते. १९७३ पर्यंत त्याचे नाव म्हैसूर उच्च न्यायालय असे होते. या न्यायालयापुढे एकदा बिस्किटांच्या पुड्यावरील एका मुलीचा वाद येऊन पडला. मुलगी चित्रातली होती. वाद मात्र खरा होता, आणि त्याचे मूळ परदेशी मालाच्या जुन्या व्यापारापर्यंत पोहोचते.

एकोणिसाव्या शतकात मँचेस्टरचे कापड आपल्या बंदरांत उतरे, तेव्हा ताग्यावर रंगीत तिकीट चिकटविलेले असे. त्यावर कधी देवदेवता, कधी हत्ती, कधी वाघ. गिऱ्हाइकाला गिरणीचे नाव ठाऊक नसे, इंग्रजी अक्षर कळत नसे; ते छाप पाहून कापड घेई. चित्राची नक्कल करणारा व्यापारी अशा गिऱ्हाइकाचा विश्वासच पळवीत असे. १८८९ साली व्यापारी मालावरील खोट्या चिन्हांविरुद्ध कायदा झाला आणि असा परदेशी माल बंदरातच अडविण्याची जकात अधिकाऱ्यांची सत्ता बळकट झाली. त्याच कायद्याने ताग्याची लांबी किती वार आहे, हे कापडावर इंग्रजी आकड्यांत उमटविणे भाग पाडले. ज्याला वाचता येत नाही त्याच्या रक्षणासाठी इंग्रजी आकडे! सरकारी बुद्धीचा हा नमुना मला, स्वतः सरकारी नोकर असूनही, मोठा गमतीचा वाटतो.

चिन्हाची रीतसर नोंद करण्याची सोय मात्र पुढे अर्धशतक झाली नाही. आपल्या मालाचा बाजारात लौकिक आहे आणि प्रतिपक्ष स्वतःचा माल आपला म्हणून खपवीत आहे, हे व्यापाऱ्याला दर वेळी पुराव्याने सिद्ध करावे लागे. १९४० चा व्यापारचिन्हांचा कायदा १ जून १९४२ रोजी अमलात आला, तेव्हा ही अडचण पुष्कळशी दूर झाली.

मुंबईच्या विलेपार्ले उपनगरात १९२९ साली निघालेल्या पार्ले कारखान्याने १९३९ पासून बिस्किटे करावयास घेतली होती. तोवर बिस्किट म्हणजे बहुधा परदेशी डब्यातून येणारी, साहेबाच्या चहाबरोबरची वस्तू. या कारखान्याच्या ग्लुको बिस्किटांच्या वेष्टनाची नोंद ७ डिसेंबर १९४२ ची आहे. वेष्टन फिकट पिवळसर. त्यावर शेतवाडीचे अंगण, मधोमध पाण्याची बादली घेतलेली मुलगी, भोवती गाई व कोंबड्या, मागे घर आणि झाडे.

मार्च १९६१ मध्ये कारखान्याला आढळले की, म्हैसूरची जे. पी. आणि कंपनी अशाच वेष्टनात ग्लुकोज बिस्किटे विकीत आहे. तिच्या चित्रातही मुलगी होती, गाई-कोंबड्या होत्या, शेतघर होते. परंतु या मुलीच्या डोक्यावर गवताचा भारा होता आणि हातात विळा व शिदोरीचे गाठोडे. पार्लेने दावा लावला. खालच्या न्यायालयाने दोन्ही वेष्टनांतील फरक पाहिले आणि दावा फेटाळला. बंगळूरच्या उच्च न्यायालयानेही तोच निर्णय कायम केला. कचेरीतल्या माणसाला ही पद्धत परकी नाही. दोन कागद शेजारी ठेवून ओळीमागून ओळ ताडून पाहणे हाच आमचा धंदा. आणि तसे पाहिले तर भारा व बादली यांत कोण गल्लत करील?

पण दुकानात दोन पुडे असे शेजारी ठेवून कोणी पाहत नाही. एक गेल्या महिन्यात पाहिलेला असतो, दुसरा आज समोर असतो, आणि मध्ये असते ती केवळ आठवण. याच आठवणीचा विचार सर्वोच्च न्यायालयाने आधी, १९५९ साली, एका अमेरिकन कंपनीच्या प्रकरणात केला होता. तिच्या ‘ग्लुकोव्हिटा’ या चूर्णाचे नाव नोंदलेले होते; शांग्रिला या बिस्किट कंपनीने १९४९ साली ‘ग्लुव्हिटा’ हे नाव नोंदण्यासाठी अर्ज केला. मधले एक अक्षर तेवढे गळलेले. सामान्य बुद्धीच्या आणि अपुऱ्या स्मरणाच्या माणसाला ही नावे सारखीच भासतील, असे ठरवून न्यायालयाने नोंदणी नाकारली.

बिस्किटांच्या दाव्याचा निकाल २८ जानेवारी १९७२ रोजी लागला. न्यायमूर्ती मित्तर यांनी लिहिले की, वेष्टने शेजारी ठेवून भेद शोधावयाचे नसतात. त्यांचे ठळक, ढोबळ रूप पाहावयाचे असते. सामान्य गिऱ्हाइकाच्या ठायी शेरलॉक होम्सची निरीक्षणशक्ती नसते, अशी कोपरखळीही निकालात आहे. पार्लेला मनाई हुकूम मिळाला. म्हैसूरच्या कंपनीच्या बाजूने एवढे म्हटले पाहिजे की, गाय, कोंबडी आणि खेड्यातली मुलगी ही काही कोणा एकाची मिरास नव्हे. परंतु ती सारी त्याच अंगणात, त्याच मांडणीने, आणि तीही बिस्किटांच्याच पुड्यावर एकत्र जमावी, हा योगायोग न्यायालयाला पटण्याजोगा नव्हता.

‘ग्लुकोज’ हा शब्द मात्र सर्वांना मोकळाच राहिला. तो पदार्थाचेच नाव आहे. त्यावर कुंपण घालता येत नाही. नाना कारखाने ग्लुकोज बिस्किटे विकीत राहिले, आणि १९८० नंतरच्या दशकात पार्लेने आपल्या बिस्किटाचे नाव ‘पार्ले-जी’ केले. गाई राखणारी मुलगी वेष्टनावरून गेली आणि तिच्या जागी एका गोबऱ्या लहान मुलीचे चित्र आले.