फेरफाराची कुळकथा

हस्तलिखित सातबाऱ्याच्या काळात एखाद्या खातेदाराचे नाव कमी करायचे झाल्यास तलाठी ते नाव खरवडून काढीत नसे. त्या नावाला कंस केला जाई, आणि ज्या नोंदीने नाव दाखल किंवा कमी झाले त्या फेरफाराचा क्रमांक शेजारी वर्तुळात लिहिला जाई. तिकडे १९७२ साली अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजमध्ये मार्क रॉचकाइंड यांनी संगणकाच्या आज्ञावलीतील बदलांचा हिशोब ठेवण्यासाठी 'सोर्स कोड कंट्रोल सिस्टिम', म्हणजेच एससीसीएस, ही प्रणाली लिहिली, आणि तिच्यातही काढून टाकलेली ओळ फायलीतून जात नाही. तिच्या आधी आणि नंतर एकेक नियंत्रण-खूण बसते व ती ओळ कितव्या बदलाने रद्द झाली त्याचा क्रमांक त्या खुणेत असतो. दाखल झालेल्या ओळीलाही तशीच क्रमांकित खूण असते. महसुली दप्तर आणि आवृत्ती-नियंत्रण, म्हणजे एकाच मजकुराच्या जुन्या-नव्या रूपांचा माग ठेवण्याची विद्या, या दोन परंपरांचा परस्परांशी काडीचाही संबंध आला नसताना त्यांनी एकच युक्ती शोधावी, ही गोष्ट आजवर मिळाले आहे त्याहून पुष्कळ अधिक लक्ष देण्याजोगी आहे.

फेरफाराच्या वंशावळीतील ठळक टप्पे परिचितच आहेत. विंगेट आणि गोल्डस्मिड या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या इंदापूरच्या जमीन-मोजणीपासून मुंबई इलाख्यात सारा कोणी भरायचा याची नोंद पक्की झाली, परंतु जमिनीवर हक्क कोणाकोणाचे आणि ते कसे बदलत गेले याची नोंद तीत नव्हती. १८७५ च्या, सावकारांविरुद्ध उसळलेल्या दख्खनच्या दंग्यांनी गहाणखतांचा गुंता उघडा पाडला. आणि १९०३ च्या कायद्याने अधिकार अभिलेख, म्हणजे हक्कांची नोंद, अस्तित्वात आला, जो १९१३ मध्ये जमीन महसूल संहितेत सामावला गेला. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेची कलमे १४८ ते १५० ही त्याच रचनेची आजची रूपे होत.

गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही, हा या रचनेचा गाभा आहे. त्यात चार रकाने असतात: नोंदीचा अनुक्रमांक, संपादन केलेल्या अधिकाराचे स्वरूप, परिणाम झालेले भूमापन व उपविभाग क्रमांक, आणि तपासणी अधिकाऱ्याची सही किंवा शेरा. संगणकाच्या परिभाषेत 'पॅच' म्हणजे मूळ मजकुरात नेमका कोठे व काय बदल करायचा हे सांगणारा छोटा स्वतंत्र मजकूर. पंचकार्डे आणि कागदी फितींच्या काळात चुकलेल्या भोकांवर खरोखरच ठिगळ चिकटवीत, त्यावरून हे नाव पडले. पहिले तीन रकाने एकत्र वाचले की पॅचच तयार होतो, आणि चौथा रकाना तो स्वीकारणाऱ्याचा आहे. लॅरी वॉल यांच्या १९८५ च्या 'पॅच' या आज्ञावलीची थोरवी अशी, की ओळीचे क्रमांक मागेपुढे सरकले तरी आजूबाजूच्या ओळी ताडून ती बदलाची जागा शोधून काढी. फेरफारातही केवळ गट क्रमांकावर विसंबत नाहीत. क्षेत्र, आकार आणि देणाऱ्या-घेणाऱ्यांची पूर्ण नावे त्यात येतात, आणि पोटहिस्से पडून क्रमांक बदलले तरी नोंद कोणत्या तुकड्याची हे त्यांवरून ओळखू येते.

नव्याने शिकणाऱ्याची वाटही दोन्हीकडे सारखीच आहे. एससीसीएस शिकणाऱ्याला फाइल सरळ उघडून दुरुस्त करता येत नाही. 'गेट' या आज्ञेने ती संपादनासाठी मागून घ्यावी लागते, तोवर दुसऱ्याला ती आवृत्ती संपादनासाठी मिळत नाही, आणि काम झाल्यावर 'डेल्टा' या आज्ञेने, बदलाचे कारण लिहून, ती परत जमा करावी लागते. नव्या तलाठ्यालाही पहिला धडा हाच मिळे, की सातबाऱ्याला थेट हात लावायचा नाही. वर्दी किंवा दस्त आला की आधी नोंदवहीत नोंद धरायची, हितसंबंधितांना नोटीस काढायची, चावडीवर प्रत लावायची आणि सातबाऱ्यावर फक्त पेन्सिलीने खूण करायची. पंधरा दिवसांत हरकत आली तर प्रकरण नमुना सहा-अ या विवादग्रस्त प्रकरणांच्या वहीत जाई, आणि न आल्यास मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केल्यावर पेन्सिलीच्या जागी शाई येई. लिहिणारा आणि मंजूर करणारा यांची ही फारकत एससीसीएसमध्ये नव्हती. मुक्त आज्ञावलींच्या जगात पॅच तपासून स्वीकारणाऱ्या जबाबदार व्यक्तीची प्रथा पुढे रुजली. मुंबई इलाख्याचे दप्तर या बाबतीत अनेक दशके पुढे होते, असे नि:शंकपणे म्हणता येते.

या तुलनेवर एक बळकट आक्षेप येतो. वॉल्टर टिची यांनी पर्ड्यू विद्यापीठात रचलेल्या आणि १९८२ मध्ये मांडलेल्या आरसीएस या प्रणालीत सर्वांत ताजी आवृत्ती संपूर्ण साठवली जाते, आणि जुन्या आवृत्त्या उलट दिशेने बदल लावत मिळवाव्या लागतात. सातबारा ही ताजी स्थिती, आणि मागे जायचे तर फेरफार एकामागून एक काढायचे, हे चित्र आरसीएसशीच जुळते, असे कोणी म्हणेल. जमिनीचा 'शोध' घेणारे वकील तीस-चाळीस वर्षांचे फेरफार उलट क्रमाने काढतात, हाही त्या पक्षाचा पुरावा ठरेल. तरीही हा आक्षेप पानाच्या प्रत्यक्ष रूपापुढे टिकत नाही. आरसीएसच्या ताज्या आवृत्तीत रद्द झालेली ओळ मुळी दिसतच नाही. हस्तलिखित सातबाऱ्यावर ती कंसात, क्रमांकासह, जिवंत नावांच्या शेजारीच उभी असे, आणि डोळ्यांनी कंस वगळत वाचणारा माणूस जे करी तेच एससीसीएसची 'गेट' आज्ञा करते: सगळी फाइल वाचायची, मागितलेल्या आवृत्तीला लागू नसलेल्या ओळी गाळायच्या, उरलेल्या पुढे ठेवायच्या. बदल साचतात तशी एससीसीएसची फाइल वाचणे जड होत जाते, हा टिची यांचा आरोपही सातबाऱ्याला तंतोतंत लागू पडे, कारण त्याचे पान वाचणेही तसेच जड होत जाई. महसूल खात्याने त्यावर पुनर्लेखनाचा उपाय काढला: दर दहा वर्षांनी नवे पान, त्यावर फक्त चालू नावे, कंसातील सगळे मागच्या पानावर. म्हणजे दोन पुनर्लेखनांच्या मध्ये सातबारा एससीसीएससारखा वागे आणि पुनर्लेखनाच्या दिवशी त्याची नवी, स्वच्छ आवृत्ती निघे.

ही युक्ती मुंबई इलाख्याची स्वतःची की उसनी, हा दुसरा प्रश्न. पंजाबात १८८७ च्या कायद्यान्वये 'इंतकाल' नावाची क्रमांकित नोंद आणि दर चार वर्षांनी नव्याने लिहिली जाणारी जमाबंदी ही जोडी १९०३ च्या आधीच रूढ होती, त्यामुळे क्रमांकित वहीची कल्पना तेथून आली असावी, हे अनुमान वाजवी आहे. कंसाचे मूळ मात्र हिशोबनिसांच्या सवयीत शोधणे अधिक सयुक्तिक वाटते. वहीत खाडाखोड म्हणजे लबाडीचा संशय, म्हणून चूक वाचता येईल अशीच ठेवून दुरुस्ती करायची, हा दंडक मोडी दप्तराच्या कारकुनालाही ठाऊक होता.

सर्वांत विलक्षण जुळणी क्रमाच्या बाबतीत दिसते. डेव्हिड राउंडी या भौतिकशास्त्रज्ञाने २००३ मध्ये 'डार्क्स' ही प्रणाली प्रसिद्ध केली. कोणते पॅच आपसांत जागा बदलू शकतात आणि कोणते नाहीत, याचा नियम हा तिचा पाया. कराडला लागून, पुणे-बंगळूर महामार्गावर वसलेल्या मलकापुरासारख्या, शेतांचे झपाट्याने प्लॉट होणाऱ्या गावात हा नियम पदोपदी उभा राहतो. समजा, एका गटातील वीस गुंठे विकले गेले आणि नंतर घेणारा वारला: खरेदीची नोंद प्रमाणित झाल्याशिवाय त्याच्या वारसांची नोंद करता येत नाही, कारण ज्या नावाच्या जागी वारस यायचे ते नावच अजून पानावर नसते. दोन वेगळ्या गटांचे फेरफार मात्र कोणत्याही क्रमाने मंजूर केले तरी अंतिम पान तेच निघते. राउंडी यांनी बीजगणिताने मांडलेली ही गोष्ट मंडळ अधिकारी रोजच्या कामात पाळत आला आहे.

एका ठिकाणी दोन्ही परंपरा सारख्याच अडखळल्या, ते म्हणजे नामांतर. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या कायद्याने ज्या गावांत योजना राबवली गेली तेथे सर्व्हे क्रमांक जाऊन गट क्रमांक आले, आणि जुन्या क्रमांकाचा धागा जोडण्यासाठी एकत्रीकरण योजनेचा उतारा वेगळा काढावा लागतो. एससीसीएसलाही फाइलीचे नाव बदलल्याचे कळत नसे.

संगणकीकरणानंतर हस्तलिखित व संगणकीय सातबारा ताडून पाहण्यासाठी २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचन झाले. १९७४ च्या सुमारास युनिक्स या संगणक-प्रणालीत आलेली 'डिफ' आज्ञा, म्हणजे दोन मजकुरांतील फरक ओळीओळीने दाखवणारी आज्ञा, जे काम करते तेच येथे गावकऱ्यांच्या कानांनी केले, आणि आढळलेले फरक तलाठ्यांनी 'री-एडिट' नावाच्या सोयीतून दुरुस्त केले. २०२० च्या नव्या नमुन्यात कंस गेला. कमी झालेल्या नोंदीवर आता आडवी रेष दिसते, पण नोंद वाचता येते. शेवटच्या फेरफाराचा क्रमांक व दिनांक आणि प्रलंबित फेरफार हे दोन तपशीलही त्याच नमुन्याने उताऱ्यावर छापायला सुरुवात केली. एससीसीएसमध्ये फाइलीत एक ठरावीक खूण लिहून ठेवली, की 'गेट' तिच्या जागी आवृत्तीचा क्रमांक भरून देई. उताऱ्यावरील शेवटच्या फेरफाराचा क्रमांक नेमके तेच काम करतो, आणि बँकेच्या कर्जप्रकरणात किंवा खरेदीखतापूर्वी तो क्रमांक नोंदवहीशी ताडून पाहिला, की हातातला उतारा ताजा आहे की शिळा याचा निकाल तेथेच लागतो.