समोवारभोवतीचं रशियन घर

१६३८ मध्ये मंगोल राजा अल्तन खानाने झार मिखाईल रोमानोव्हसाठी भेटवस्तूंसोबत चहाही पाठवला. रशियन दूत वासिली स्तार्कोव्ह ती वाळकी पानं न्यायला नाखूशच होता.

१७२७ च्या क्याख्ता तहानंतर चीनशी सीमेवरचा व्यापार स्थिरावला. उंटांचे तांडे गोबी वाळवंट ओलांडून चहा आणू लागले. एवढ्या लांबून येणारा माल महागच पडे. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला, चहा जहाजाने ओदेसाला उतरू लागला आणि सामान्यांच्याही आवाक्यात आला.

बंदुका घडवणाऱ्या तुला शहरात लिसित्सिन बंधूंनी १७७८ मध्ये समोवार बनवायला घेतला. आपल्या तांब्याच्या बंबासारखीच त्याची रचना: मधल्या नळीत कोळसे किंवा पाइनची सुकी फळं पेटवायची, भोवतीचं पाणी उकळतं. माथ्यावरच्या किटलीत चहाचा दाट अर्क. पेल्यात आधी थोडा अर्क, मग हवं तितकं गरम पाणी; कडकपणा ज्याचा त्याने ठरवायचा. सोबत फळांचा पाकातला मुरंबा आणि गोल, कडक बरांकी पाव. साखरेचा खडा दातांत धरून बशीतून घोट घेण्याची रीतही रुळली.

लांब पल्ल्याच्या रशियन गाड्यांच्या डब्यात आजही उकळत्या पाण्याची सोय असते आणि धातूच्या नक्षीदार कोंदणातल्या काचेच्या पेल्यातून प्रवासी चहा पितात.