फास्टर फेणेचे भा. रा. भागवत : रहस्यकथेत हसू पेरणारा लेखक

‘फास्टर फेणे’ म्हटलं की आज अनेकांना २०१७ चा सिनेमा आणि त्यातला अमेय वाघ आठवतो. वैद्यकीय प्रवेश परीक्षेसाठी पुण्यात आलेला तरुण. पुस्तकातला फेणे मात्र शाळकरी पोरगा आहे, आणि त्याला घडवणारे भास्कर रामचंद्र भागवत हे मराठी बालसाहित्यातलं मोठं नाव.

भागवतांचा जन्म १९१० चा, इंदूरचा. १९५१ च्या सुमारास त्यांनी ‘बालमित्र’ हे मुलांचं मासिक सुरू केलं आणि काही वर्षं चालवलं. पत्नी लीलावती भागवत यासुद्धा बालसाहित्यिक. म्हणजे घरात दोघंही मुलांसाठी लिहिणारे!

बनेश ऊर्फ बन्या फेणे हा पुण्याजवळच्या फुरसुंगीचा. शिकायला पुण्यात, विद्याभवन शाळेत. किडकिडीत अंगकाठी, हाताशी सायकल आणि तोंडात ‘ट्टॉक्’ असा आवाज. वेगामुळे तो ‘फास्टर’ झाला, आणि वाचकांनी त्याचा ‘फाफे’ करून टाकला. त्याच्याकडे ना पिस्तूल, ना खातं, ना मोठ्यांचा हुद्दा. संकट त्याला शोधत येतं आणि हा सायकलवर टांग टाकतो. पुढे तो प्रतापगडावर जातो, गुलमर्गला जातो, विमानचोरांशीही भिडतो. पण बोलतो पुण्यातल्या शाळकरी पोरासारखाच.

भागवतांची खरी करामत इथे आहे. तेव्हा मराठी रहस्यकथा म्हणजे बाबूराव अर्नाळकर. त्यांचे नायक मोठ्यांचे, रात्रीच्या काळोखातले. भागवतांनी तोच थरार भरदिवसा मुलांच्या हाती दिला आणि त्यात हशा मिसळला. फेणेच्या गोष्टींत विनोद तोंडी लावण्यापुरता नाही. मुलगा घाबरतो, चुकतो, फजिती होते, त्यातूनच युक्ती सुचते. म्हणून तो खरा वाटतो.

परदेशी पुस्तकं मराठीत आणतानाही त्यांनी हाच घरचा सूर ठेवला. ‘अ‍ॅलिस इन वंडरलँड’ची त्यांनी ‘जाईची नवलकहाणी’ केली, म्हणजे अ‍ॅलिस थेट मराठी घरातली जाई झाली. ज्यूल व्हर्नची चंद्रावरची स्वारी आणि पाताळातली सफर अनेक मराठी मुलांनी भागवतांमुळेच वाचली. फेणेशिवाय त्यांचा पुस्तकवेडा बिपिन बुकलवारही आहे. तो आज जरा मागे पडला, हे खटकतं.

विनोद आणि हेरगिरी यांची ही जोडी एकट्या मराठीची नाही. सत्यजित राय यांचा फेलूदा १९६५ मध्ये ‘संदेश’ या मुलांच्याच मासिकातून आला, आणि पुढच्या कथांत त्याच्यासोबत रहस्यकथाकार जटायू हा विनोदी सोबती वावरतो. उर्दूत इब्ने सफी यांनी १९५२ पासून ‘जासूसी दुनिया’ लिहिली. त्याआधी ते ‘तुगरल फरगान’ या नावाने विनोदी लेखन करत. १९५५ पासून आलेला त्यांचा इमरान तर वेंधळेपणाचं सोंग घेऊनच गुन्हेगारांना गाठतो. मालेगावसारख्या शहरात, जिथे मराठी आणि उर्दू शेजारी नांदतात, एका घरात फेणे आणि पलीकडच्या गल्लीत इमरान वाचला जावा, हे अगदी साहजिक. फरक एवढाच की इमरान मोठ्यांचा आणि फेणे मुलांचा.

१९८० च्या दशकात फाफे दूरदर्शनवर आला. भूमिका सुमीत राघवनची, आणि त्या पिढीसाठी फेणेचा चेहरा तोच झाला. भागवत २००१ मध्ये गेले. सोळा वर्षांनी आलेल्या सिनेमात भा. रा. भागवत हे एक पात्र म्हणून दिसतात, बनेशला मदत करणारे. ते साकारलं आहे दिलीप प्रभावळकरांनी.